हात कानाला पुरेपर्यंत

लिंब फुललाय. सकाळी दार उघडलं की ओट्यावर बारीक पांढऱ्या फुलांचा थर असतो, आणि त्याचा तो कडवट गोड वास ऊन तापेपर्यंत घरात रेंगाळतो. पूर्वी मी हा थर झाडायचो नाही, ते कौतुकानं. आता झाडत नाही, कारण झाडू धरला की उजवा खांदा ठणकतो. हिवाळ्यापासून हा हात खांद्याच्या वर जात नाही. खांदा आखडलाय, असं डॉक्टर म्हणाले. औषधापेक्षा व्यायाम करा. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी हळूहळू वर चढवत न्यायची. रोज थोडं थोडं. यात अवघड काही नाही. हिवाळा सरला, ज्वारी निघाली, कळंबच्या अडतीवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या आणि उठल्याही. मी अजून भिंतीसमोर उभा राहिलेलो नाही.

"भिंत काही पळून चालली नाही," सुनंदा म्हणते. "तुम्हीच उठत नाही."

बायकोचं खरं आहे. व्यायाम केला तर हात वर जाईल हे मला कळतं. तो वर जावा असं मला वाटत नाही, एवढंच. कळणं आणि वाटणं यांच्यामध्ये किती लांबचा रस्ता असतो, ते हायस्कूलच्या ग्रंथालयात बसून मी नोकरीभर पाहिलं. पण तेव्हा तो रस्ता मुलांचा होता.

हिवाळ्यात अक्का गेली. माझी थोरली बहीण. आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पहिलीच्या वर्गाची बाई होती. दुखणं लांबलं नाही. थंडीत खोकला धरला आणि संक्रांतीच्या आत सगळं संपलं. नवरा तिचा तरुणपणीच गेला होता, मूल नव्हतं. तिची पत्र्याची पेटी मी कळंबला घेऊन आलो. ती पलंगाखाली आहे. सुनंदा झाडताना तिला कुंचा लागला की पत्रा वाजतो.

परवा गावच्या शाळेतून हेडसरांचा फोन आला. तरुण माणूस आहे, बोलायला अदबशीर. "सर, बाईंच्या त्या चिंचोक्यांच्या बरण्या तुमच्याकडे आहेत का? गुरुवारी मेळावा आहे. तुम्हीच घेऊन आलात तर बरं वाटेल सगळ्यांना."

बघतो म्हणालो. हल्ली मी सगळ्यालाच बघतो म्हणतो.

हा मेळावा दर एप्रिलात असतो. जूनमध्ये पहिलीत येणारी पोरं शाळेच्या अंगणात गोळा करायची, फुगे लावायचे, टेबलं मांडायची, आणि पोर शाळेला तयार झालंय का ते बघायचं. एका टेबलाशी उडी मारता येते का, दुसऱ्याशी रंग ओळखता येतात का, तिसऱ्याशी चित्र बघून काही बोलतं का, चौथ्याशी पाच चिंचोके मोजून देतं का. प्रत्येक टेबलावरचा माणूस कार्डावर खूण करतो. ज्यात कमी पडेल ते आईनं उन्हाळ्यात घरी करून घ्यायचं. कल्पना वाईट नाही. करणारी माणसंही मनापासून करतात.

आमच्या वेळी एवढी टेबलं नव्हती. एकच परीक्षा होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला पुरली की पोर शाळेचं झालं. नाही पुरली तर पुढच्या साली. जन्मतारीख कुणाची कुणाला माहीत नव्हती. आई सांगायची, अक्का झाली तेव्हा मूग तोडायला आला होता, आणि तू झालास त्या साली पाटलाची विहीर ढासळली. मूग आणि विहीर हजेरीपटावर लिहिता येत नाहीत. म्हणून गुरुजी कान धरायला लावायचे, आणि ज्याचा हात पुरला त्याला सहा वर्षं पूर्ण धरून एक जून ही तारीख टाकायचे. आमच्या पिढीतला निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे.

गुरुजी आमच्या वस्तीपर्यंत स्वतः चालत आले होते. त्या काळाच्या मानानं ही थोडी गोष्ट नव्हती, आणि दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती शेवटपर्यंत सांगितली. लिंबाखाली आम्हा दोघांना उभं केलं. माझे हात लांब. अजूनही तयार सदऱ्याच्या बाह्या मला आखूड होतात. बोटं सहज कानाला लागली. अक्का माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठी. भाकरी थापायची, शेरडं मोजून आत घ्यायची, बाजाराला गेली तर सुटे पैसे बरोबर आणायची. पण हात आखूड. तिची बोटं डोक्यावरून गेली आणि कानाच्या वर, केसातच थांबली.

"ही पुढच्या सालाला," गुरुजी म्हणाले. "हात वाढू दे जरा."

"हात कशानं वाढतो, गुरुजी?" अक्कानं विचारलं.

गुरुजींना दुसऱ्या घरी जायचं होतं. "खेळल्यानं," ते म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून अक्का लिंबाला लोंबकळायला लागली. खालची फांदी धरायची, पाय सोडायचे, आणि तोंड लाल होईपर्यंत तशीच राहायची. तळहात सोलून निघाले. त्यावर ती हळद लावून घ्यायची आणि पुन्हा फांदी धरायची. आई चुलीपुढून ओरडायची, "तुला शाळंत जायचंय का माकड व्हायचंय गं?"

"शाळंत जायला आधी माकड व्हावं लागतंय," अक्का वरूनच म्हणायची.

आणि मी, ज्याचा हात पुरला होता, रोज शाळेत जाताना रडायचो. शाळेत माझं मन लागत नव्हतं. गुरुजी फळ्यावर काय लिहितात त्यापेक्षा दाराबाहेर काय चाललंय ते मी बघायचो. दाराबाहेर अक्का असायची. मला पोहोचवायला यायची आणि उंबऱ्याशी रेंगाळायची. संध्याकाळी माझी पाटी घेऊन विचारायची, आज काय शिकीवलं? मी म्हणायचो, काय न्हाय. मग तीच मला सांगायची काय शिकवलं ते.

पुढच्या जूनमध्ये तिचा हात पुरला. मान जराशी कलती केली होती तिनं, ते मला दिसलं. गुरुजींनाही दिसलं असणार. त्यांनी नाव लिहिलं, सहा वर्षं पूर्ण, एक जून. अशी माझी थोरली बहीण कागदोपत्री माझ्यापेक्षा एका वर्षानं धाकटी झाली. घरात याची चेष्टा पुढं आयुष्यभर चालली. तिला काही काम सांगायचं असलं की ती मला हाक मारायची, "थोरल्या, जरा पाणी आण. तू मोठा हायेस, मी बारकी."

गेल्या हिवाळ्यापासून मला थोरल्या म्हणणारं कुणी उरलं नाही. मी आता खरोखरच घरातला थोरला आहे. त्या शब्दात एवढा थकवा असेल असं वाटलं नव्हतं.

अक्का बाई झाली तेव्हा तिनं पहिलीचा वर्ग मागून घेतला आणि सोडला नाही. जूनचे पहिले काही आठवडे ती पोरांना अक्षर दाखवत नसे. पोरं अंगणात पाणी मारायची, घंटा वाजवायची, चिंचोके मांडायची, कुणी चटईवर झोपून जायचं. साहेब तपासणीला आले की विचारायचे, "बाई, शिकवणं कधी सुरू होणार?" ती म्हणायची, "आधी आलेत का बघू द्या." साहेब हजेरीपट बघून म्हणायचे, सगळे तर आलेत. ती चिंचोक्यांची बरणी उघडायची.

मला आज ज्या उन्हाळ्याची सारखी आठवण येते तो तिच्या नोकरीचा शेवटचा उन्हाळा. कोरोना ओसरला होता. बंद शाळांची भरपाई म्हणून त्या साली एप्रिलभर सकाळची शाळा चालू ठेवली होती. मी आदल्या वर्षीच निवृत्त झालो होतो, शाळा बंद असताना. निरोप वगैरे नाहीच. ग्रंथालयाच्या किल्ल्या शिपायाच्या हातात दिल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि घरी आलो. पुढं दिवस जाईनात म्हणून सकाळच्या एसटीनं गावी जायचो आणि शाळेच्या अंगणातल्या लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायचो. वाचायचो कमी. पाठीमागं अक्काच्या वर्गाचा आवाज असायचा, त्यात पान उलटायचं राहून जायचं.

त्या पोरांचा आवाज वेगळा होता. दुसरीच्या पटावर असलेली, पण अक्काकडंच बसवलेली पोरं पहिलीच्या वर्गात कधी बसलीच नव्हती. त्यांना बसायची सवय मोडली होती. काहींना तर ती लागलीच नव्हती. धड्याच्या मध्येच एखादं पोर उठायचं आणि पाणी प्यायला सरळ घरी जायचं, घरी गेल्यावर येतंय कशाला परत. कुणी रागावलं तर त्याला राग कशाचा आला तेच कळत नसे. अक्का दमून जायची. दुपारी घरी आली की भिंतीला पाठ लावून पाय पसरायची. म्हणायची, "थोरल्या, शेत नांगरायचं राहिलं तर पुढच्या साली नांगरता येतंय. पोरगं तसं पडीक ठिवता येत न्हाय."

त्याच एप्रिलात तो मेळावा झाला. सुजाता मी पहिल्यांदा तिथं पाहिली.

आमच्याच वस्तीतली. आई-बाप ऊस तोडायला जायचे ते होळी करून परत आलेले. अंगणवाडी तिनं पाहिली नव्हती; जी वर्षं अंगणवाडीची ती कारखान्याच्या पालात गेली. फाटकाबाहेर उभी होती, कडेवर बारका भाऊ. अंगानं इतकी लहान की भाऊच तिच्यापेक्षा मोठा वाटावा. हेडसर फुगा घेऊन गेले, गोड बोलले. ती आत येईना, भावाला खाली ठेवीना, तोंड उघडीना. सगळ्या टेबलांवर तिचं कार्ड कोरं.

"बाई, कोरं कार्ड वर कसं पाठवू?" हेडसर म्हणाले. "प्रत्येक रकान्यात काहीतरी खूण लागते."

"कोरंच पाठवा," अक्का म्हणाली. "तीबी माहितीच हाय."

सुजाताचा बाप मिलिंद, अक्काच्याच हाताखालून गेलेला. तो फाटकाशी येऊन खाली बघत म्हणाला, "बाई, ह्या साली ऱ्हाऊ द्या हिला. तिचा हातबी अजून कानाला पुरत न्हाय."

"हात बघायला तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या टायमाला तसंच व्हतं की."

"तुझ्या टायमाला म्याच व्हते," अक्का म्हणाली. "तुझा हात कवा बघितला रे? तू उंबऱ्यात बसून असा भोंगा लावला व्हता की लोक गोळा व्हायला लागले. म्हणून आत घेतला तुला."

बायका हसल्या, मिलिंदही हसला. मग त्याचं हसू गेलं. "पर बाई, बारक्याला फडात कोण बघणार? एकच साल जाऊ द्या."

एकच साल. आमच्या भागात हे दोन शब्द सगळ्यांना पाठ आहेत. एका साली पोरगी भावाला सांभाळायला जाते. दुसऱ्या साली पाणी आणते, तिसऱ्या साली मोळ्या बांधते. तिथं नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, आणि पोरगी थोडी उंच झाली की कुणाच्या तरी कोयत्यातली अर्धी होऊन जाते. मिलिंद वाईट बाप नव्हता. त्याला हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, म्हणूनच तो खाली बघत होता.

त्या दुपारी अक्का भिंतीला पाठ लावून बसली. मग म्हणाली, "बापाशी भांडून नाव घालता येईल. पर मे सरला की म्या घरी. जूनमधी तिला आत कोण बोलवणार? तिला स्वतःला यावंसं वाटलं तरच ती टिकंल. न्हायतर दिवाळीला गाडीत बसून जाईल ऊस तोडायला."

यावंसं वाटणं. हायस्कूलमध्ये दहावीच्या परीक्षेआधी आम्ही दरवर्षी कुणीतरी वक्ता बोलवायचो. चांगला बोलायचा. मुलांना उभं करायचा, हात वर करायला लावायचा, मी करू शकतो म्हणून घोषणा घ्यायचा. सभागृह दणाणून जायचं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात यशाच्या पुस्तकांना मागणी यायची, आणि आठवडाभरात ती पुस्तकं परत येऊन कपाटात बसायची, पहिल्या काही पानांच्या पुढं कुणी गेलेलं नसायचं. मी त्या मुलांना नावं ठेवत नाही. घोषणा दिल्यावर घरी जाऊन नेमकं काय करायचं असतं, ते मलाही माहीत नव्हतं. आज भिंतीसमोर तर मुळीच माहीत नाही.

एप्रिल हा चिंचा फोडायचा महिना. वस्तीत दुपारी बायका सावली धरून बसतात, दगडावर चिंच ठेवून लाकडी दांडक्यानं टरफल फोडायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका काढायचा. जयंतीच्या पताका अजून वर फडफडत असतात, खाली ठकठक चालते. अक्कानं मातांची बैठक शाळेत बोलवायची सोडून दिली. शाळा सुटली की तीच तिथं जाऊन बसायची. हातात दांडकं घ्यायची. बोलायची ती शाळेचं नाहीच. कुणाची सून, कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं. सुजाता भावाला पायात घेऊन शेजारी बसलेली असायची, चिंचोके वेगळे करत.

एक दिवस अक्कानं तिची ती गोष्ट सांगितली. कान, गुरुजी, फांदी, सोललेले तळहात. सुजाताकडं तिनं पाहिलंही नाही, बायकांना सांगितली. बायका पोट धरून हसल्या. एकजण म्हणाली, "म्हणून बाईंचे हात एवढे लांब. पोरगं मागल्या बाकावर असलं तरी टपली बसती." सुजातानं मान वर केली नाही. तिनं ऐकलं की नाही हेही कळलं नाही.

नंतर कधीतरी सकाळी मी लिंबाखाली नेहमीसारखा पुस्तक घेऊन बसलो होतो. फाटक किरकिरलं. सुजाता आत आली. कडेवर भाऊ नव्हता. माझ्याकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, बुंध्याशेजारच्या दगडावर चढली, खालची फांदी धरली आणि पाय सोडले.

थोड्या वेळानं तिची आजी आली, धापा टाकत. थेट वर्गाच्या दारात. "बाई, काय सांगितलं ओ माझ्या नातीला? बारक्याला झोळीत टाकती आन् पळती. काल आमच्या पुढच्या लिंबाखाली उड्या मारत व्हती, तिथं हाताला लागंल अशी फांदीच न्हाय, समद्या शेरडाला छाटलेल्या. आता हितं आली मराय."

अक्का खिडकीशी आली. फांदीला लोंबकळलेलं ते मुठीएवढं पोर तिनं पाहिलं. बघतच राहिली. मग पदर डोळ्यांना लावला, आणि पदराआडच हसायला लागली.

मी हळूच म्हणालो, "तिला सांग तरी, असे हात वाढत नसतात."

"कोण म्हणतंय?" अक्का म्हणाली. "माझा वाढला की."

लोंबकळून दमली की सुजाता पाणी प्यायला वर्गात यायची. पाणी पिऊन झालं की जायला जरा उशीर करायची. एक दिवस ती अक्कासमोर उभी राहिली, हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि विचारलं, "पुरला का?"

शाळेत ती बोललेला तो पहिला शब्द. अक्कानं खुर्ची पुढं ओढली, चष्मा लावला, तिच्या बोटांपासून कानापर्यंतचं अंतर नीट बघितलं आणि स्वतःच्या बोटाची दोन पेरं दाखवली. "एवढा ऱ्हायलाय."

मग रोज तेच. लोंबकळायचं, पाणी प्यायचं, विचारायचं. अक्का रोज चष्मा लावायची. मला राहवलं नाही, म्हणालो, "पुरला म्हणून टाक एकदा. पोरीला बरं वाटेल."

"खोटं बोलले तर तिला कळंल," ती म्हणाली. "आन् मग ती येईल कशाला?"

मे महिन्याची सुट्टी लागली. शाळा बंद झाली, पण अक्का सकाळी जाऊन फाटक उघडायची, फांदीसाठी. त्या रिकाम्या अंगणात आम्ही तिघं असायचो. ऊन भाजायचं. लिंबोळ्या पिवळ्या होऊन पडायला लागल्या होत्या. अक्का चिंचोक्यांची नक्षी मांडायची, सुजाता खाली उतरली की ती नक्षी पुढं वाढवायची. कुणी कुणाला शिकवत नव्हतं. अक्काच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत फार थकवा दिसायचा, आणि एक घाई, जी ती पोरीला दिसू देत नव्हती.

मेचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी जिल्ह्यात शालींचा तुटवडा पडतो. एक जूनवाले सगळे एकदमच निवृत्त होतात. अक्काचाही शाळेत निरोप झाला. जुन्या पोरांनी तेरखेड्याची फटाक्यांची माळ आणून फाटकाशी लावली. भाषणं झाली. मी मागं बसून एकच विचार करत होतो. लिंबाखाली त्या दिवशी अक्काचा हात पुरला असता तर ती हा उन्हाळा शाळेत नसतीच. तिलाही तेव्हा माझीच तारीख लागली असती आणि ती माझ्याबरोबरच घरी बसली असती. तिचा आखूड हात आणि गुरुजींची ती मनानं टाकलेली तारीख, यांनी मिळून सुजातासाठी तिला थांबवून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांनी मला त्या गुरुजींना हे सांगावंसं वाटलं. पण ते केव्हाच गेले होते.

माणसं पांगली तेव्हा मिलिंद पुढं आला. मागं आजी, आजीचा पदर धरून सुजाता.

"बाई, हिचं नाव घ्या."

"का रे? हात पुरला का?"

"न्हाय पुरला. पर ईळभर लोंबकळती. पडून हात मोडून घेतला तर म्या दवाखाना कुठं कुठं करू? त्यापरीस शाळंत बसू द्या."

"आन् बारका?"

"आईपाशी ठिवतो." मग सुजाताकडं बघून, "दोघंबी ऱ्हातील आईपाशी."

अक्कानं शाल नीट केली. "मी आता कोण नाव घेणारी? सकाळीच चार्ज दिला. सरांना सांग."

हेडसरांनी लगेच रजिस्टर काढलं. जन्मतारीख विचारली. आजी म्हणाली, "फडात झाली बघा. थंडी लई व्हती, पाचट पेटवून शेकत बसलो व्हतो. आधार कार्डावर एक जानेवारी टाकलीया." अक्का खोकला येईपर्यंत हसली. "चला, एक जूनमधनं सुटली पोरगी."

सुजाताला या सगळ्यात रस नव्हता. ती अक्कासमोर आली, हात डोक्यावरून नेला. "पुरला का?"

सगळे थांबले. हेडसर, आजी, मिलिंद, सगळ्यांच्या तोंडावर हो होतं. अक्कानं चष्मा लावला, वाकून बघितलं, बराच वेळ. नखाएवढं अंतर राहिलं होतं. मलाही दिसत होतं.

"ऱ्हायलाय जरासा," अक्का म्हणाली. "पर ये तू. आत बसून वाढव."

सुजाता जूनमध्ये आली. दिवाळीनंतर टोळीच्या गाड्या गेल्या तेव्हा ती आणि बारका आजीच्या दारात उभे होते. ती काही फार हुशार निघाली नाही. चारचौघींसारखी. वाचायला उशिरा लागली, गणितात बेताची. पण शाळा बुडवत नव्हती. अक्का असेपर्यंत शाळा सुटल्यावर तिच्या ओट्यावर यायची. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही.

गुरुवारी शेवटी मी पेटी ओढली. डाव्या हातानंच. बरण्या वरच होत्या, चिंचोके घासून घासून गुळगुळीत झालेले. पिशवीत घातल्या आणि एसटीत बसलो. शाळेत तेच फुगे, तीच टेबलं. हेडसरांनी खुर्ची दिली, बाईंच्या आठवणीचे दोन शब्द बोलता का विचारलं. मी नको म्हणालो. बरण्या तेवढ्या पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिल्या.

मोजणीच्या टेबलाशी चौथीच्या मुली मदतीला उभ्या होत्या. त्यात सुजाता. उंच झाली आहे. जूनमध्ये पाचवीला शेजारच्या गावी जायचंय, शाळेनं सायकल मिळवून दिली आहे, असं आजी म्हणाली. मिलिंद यंदाही एकच साल म्हणाला का, ते मी विचारलं नाही. तिनं मला पाहिलं. जवळ आली नाही. नुसता उजवा हात वर केला, डोक्यावरून पलीकडे नेला. बोटं कान ओलांडून गालापर्यंत आली.

मी मान डोलावली.

"आजोबा, तुमचा?" ती म्हणाली.

मी हात उचलला. तो खांद्यापाशी येऊन थांबला. टेबलापाशी रांगेत उभी असलेली बारकी पोरं खुदखुदली. सुजाता हसली नाही. पुढं आली, माझ्या हातापासून कानापर्यंत डोळ्यांनी माप घेतलं.

"लई ऱ्हायलाय," ती म्हणाली, आणि हनुवटीनं लिंब दाखवला.

फांदीला लोंबकळायचं माझं वय नाही. मी बुंध्याशी गेलो, पिशवी खाली ठेवली आणि उजवा हात सालीवर टेकवला. साल खरखरीत होती. बोटं वर सरकवली, एक एक, मुंगीसारखी. खांद्यातून कळ निघाली. वरून बारीक फुलं डोक्यावर पडत होती. मी आणखी थोडी वर नेली आणि तिथंच धरून ठेवली. पाठीमागं ती उभी आहे हे मला माहीत होतं.

"पुरला का?" मी विचारलं.

"न्हाय," सुजाता म्हणाली, आणि चिंचोके मोजून द्यायला टेबलाकडं परत गेली.